चुन्याचा चंद्र

चंद्राबद्दल मला कुणी काही शिकवावं, असा माणूस आमच्या बेटावर जन्मलेला नाही! हे मी गर्वाने म्हणत नाही, नोंद म्हणून सांगतो. अकरा वर्षं, दर ऑगस्टच्या पौर्णिमेला, गावाबाहेरच्या जुन्या खळ्यावर उभा राहून मी चंद्रावर भाषण करतो. भाषण बेचाळीस मिनिटांचं आहे. सुरुवात ‘हे रुपेरी एकाक्या!’ अशी होते आणि शेवटही तसाच होतो; फक्त शेवटी आवाज कापरा असतो. या भाषणादरम्यान आजवर तीन लग्नं ठरली आहेत, एक गृहस्थ झोपेत खुर्चीवरून पडून त्यांना चार टाके पडले आहेत, आणि गेल्या वर्षी तर टाळ्यांना इतक्या लवकर सुरुवात झाली की माझी अजून सतरा मिनिटं शिल्लक होती!

अडचण एवढीच झाली, की आनेस्तिस आमच्या बेटावर जन्मलेला नाही. तो वोलोसचा, मुख्य भूमीवरचा.

गेल्या वर्षी तो आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला आला. मी साहित्य शिकवतो. वय दोघांचं सारखंच, बावन्न. पण माझे केस गेले, आणि त्याचे नुसते रुपेरी झाले! ज्या विशेषणावर अकरा वर्षं माझा हक्क होता, ते हा माणूस डोक्यावर घेऊन गावभर हिंडत होता. बरं, एकटा जीव. लग्न केलेलं नाही. ऑक्टोपस स्वतः आपटून मऊ करतो, स्वतः शिजवतो, भांडीही स्वतः घासतो. अशा माणसाला गावात राहू देणं म्हणजे इतर नवऱ्यांच्या संसारात काडी टाकण्यासारखं आहे. एवढ्यावर थांबला असता तरी मी त्याला माफ केलं असतं. पण त्याने गच्चीवर दुर्बीण लावली.

जुलैपासून माझी बायको पोलिक्सेनी संध्याकाळी ‘जरा शनी बघून येते’ म्हणून बाहेर पडू लागली.

“काय पाहिलंस?” मी विचारलं.

“शनी.”

“आणि परवा?”

“शनीच.”

“परवापासून त्याच्यात काही फरक?”

“थेमिस, तू भेंडी निवड.”

मी भेंडी निवडली. पण माझं मन भेंडीत नव्हतं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तेवीस वर्षांत ती माझ्याकडे सलग दहा मिनिटं बघत बसल्याचं मला आठवत नाही. आणि माझ्या पोटाभोवतीही आता बऱ्यापैकी कडं तयार झालं आहे!

ऑगस्ट लागला तशा सांस्कृतिक मंडळाच्या अध्यक्ष झाबेताबाई मला चहाच्या दुकानात गाठून म्हणाल्या, “मास्तर, या वर्षी पौर्णिमेला आनेस्तिस सर बोलतील. साडेनऊला. ‘चांदणं येतं कुठून?’ असा विषय आहे.”

“आणि माझं भाषण?”

“तुम्ही आधी बोला की. छोटंसं. लोकांना काय हो, जरा माहिती हवी असते.”

“माहिती! चंद्राकडे कुणी माहितीसाठी बघतं का, बाई?”

“तुमची बायको बघते की,” झाबेताबाई म्हणाल्या आणि बिस्किट बुडवायला लागल्या.

त्या क्षणी मी ठरवलं. आनेस्तिसचा विषय आनेस्तिसच्या आधी मीच मांडायचा! तो साडेनऊला उभा राहील तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरता कामा नये, आणि पोलिक्सेनीने खळ्यावरच्या साठ माणसांदेखत माझ्याकडे बघावं. सलग दहा मिनिटं.

मी सहावीचं पुस्तक आणून वाचलं. वाचून दुःख झालं. चंद्राला स्वतःचा उजेड नाही! नुसता धोंडा आहे, काळपट! सूर्याचा उजेड अंगावर पडतो, त्यातला थोडासा तो आपल्याकडे परतवतो, आणि आपण त्याला चांदणं म्हणतो. कष्ट सूर्याचे, कौतुक याचं! शिक्षकांच्या खोलीत अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी आमच्याच एका ग्रीक तत्त्वज्ञाने हे सांगितलं होतं, आणि आमच्याच लोकांनी त्याला हद्दपार केलं होतं, ही माहितीही मला मिळाली. ती मी आनेस्तिससाठी राखून ठेवली.

मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पौर्णिमेला सूर्यास्त आठ वाजून नऊ मिनिटांनी. चंद्रोदय आठ वाजून सहा मिनिटांनी. मला हसूच आलं! आठला चंद्र उगवणार, आणि हे भौतिकशास्त्राचे पंडित साडेनऊला बोलायला उभे राहणार! म्हणजे पाहुणा जेवून हात धुतोय आणि यजमान दारात स्वागताला! मी झाबेताबाईंना सांगितलं, “मी आठला सुरू करतो. चंद्र माझ्या पाठीमागून, लाटांतून वर येईल. त्याच वेळी मी म्हणेन, हे रुपेरी एकाक्या!”

आता एक सांगायला हवं. आमचं गाव बेटाच्या पश्चिमेला आहे. आमच्याकडे खुर्ची मांडायची म्हणजे समुद्राकडे तोंड करून, हे शिकवावं लागत नाही. चहा असो, बारसं असो, मयताची कॉफी असो, खुर्ची समुद्राकडे. आमच्या पाठीशी इलियासचा डोंगर आहे. पण डोंगराकडे बघायला वेळ कुणाला असतो? तिकडे बकऱ्या असतात. मीसुद्धा साठ खुर्च्या खळ्यावर मांडल्या त्या समुद्राकडे तोंड करून, आणि स्वतःसाठी कडेला, समुद्राकडे पाठ होईल असा, दगडी कट्टा निवडला. अकरा वर्षं मी रात्री अकराला बोलत आलो, तेव्हा चंद्र आयता वर आलेला असायचा; तो उगवताना बघायची वेळच आली नव्हती. जगातली प्रत्येक सुंदर गोष्ट समुद्रातून येते. चंद्र काय बकऱ्यांच्या बाजूने येणार होता?

प्रात्यक्षिकासाठी चंद्र हवा होता. पंधरा ऑगस्टचा देवमातेचा सण जवळ आल्यामुळे घरोघरी अंगणाला चुना मारणं चालू होतं. आमच्याही अंगणात चुन्याचा डबा होता. सासूबाई सणासाठी राखून ठेवलेलं एक नऊ किलोचं कलिंगड विहिरीत सोडून बसल्या होत्या. मी ते काढलं आणि चुना फासला.

सासूबाई, नाव गारुफाल्या, वय एक्याऐंशी, दारात येऊन उभ्या राहिल्या. “जावई, हे काय?”

“चंद्र.”

“चुना सालीला धरत नाही. मीठ घाल त्यात, नाहीतर हाताला लागेल.”

“सासूबाई, मी पदवीधर आहे.”

“हो, ते बघतेच आहे,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सूर्य मिळाला लिनार्दोसकाकांकडून. काका रात्री बोटीवर दिवा लावून मासेमारी करतात. तो दिवा आणि बॅटरी त्यांनी दिली. अट एकच, दिव्याची काच फुटली तर माझंही काहीतरी फुटेल. पंचायतीच्या वायरमनला सांगून गावातले रस्त्यावरचे दिवे आठ ते दहा बंद ठेवायची व्यवस्था केली. दिवे मालवून तो शेजारच्या गावी मेहुण्याकडे जेवायला जाणार होता. सगळं कसं चोख!

आठ वाजले. खळं भरलं. पाद्रीबाबा पहिल्या रांगेत, शेजारी झाबेताबाई, मग सासूबाई, मग काळ्या झग्यातल्या विधवा कल्लिरोईबाई, लिनार्दोसकाका, सगळं गाव. पोलिक्सेनी सर्वांत मागे. आणि तिच्या शेजारी, दुर्बिणीला टेकून, रुपेरी आनेस्तिस!

मी हातातली भाषणाची फाइल तशीच कट्ट्यावर ठेवली. अकरा वर्षांचं पाठ भाषण. उघडायची काय गरज? आठ वाजून सहा मिनिटांनी दोन्ही हात पसरले आणि गरजलो, “हे रुपेरी एकाक्या!”

“आला?” पाद्रीबाबांनी विचारलं.

“आला ना?” मी त्यांना विचारलं.

“सूर्य आहे अजून.”

सूर्य गेला. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा गरजलो. समुद्र कोरा! सवाआठला तिसऱ्यांदा गरजलो. साडेआठला आवाज आपोआपच कापरा झाला होता. अंधार दाटत चालला. पिठलं आळावं तसा. गावातले दिवे चोख बंद. सगळे समुद्राकडे टक लावून बसलेले, जणू बोट चुकली आहे. समोर डोंगराच्या माथ्यामागे मला पुसट उजेड दिसत होता. पण मला वाटलं, पलीकडच्या गावात लग्न आहे. त्या लग्नाचाही मला हेवा वाटला. तिथे निदान उजेड होता!

“मास्तर,” झाबेताबाई म्हणाल्या, “चंद्राला कळवलंय ना?”

लोक हसले. पण त्या हसण्यात मागून आलेलं एक हसणं मी तेवीस वर्षांपासून ओळखतो. पोलिक्सेनीचं! आणि त्याच्या जोडीला एक खर्जातलं.

मी चवताळलो. दिवा लावला आणि कट्ट्याच्या लोकांकडच्या कडेला ठेवला. “हा सूर्य!” कलिंगड उचललं. “हा चंद्र!” दिव्याकडे आणि लोकांकडे पाठ करून मी कलिंगड छातीशी धरलं. माझी सावली त्यावर पडली आणि चंद्र दिसेनासा झाला.

“गेला!” लिनार्दोसकाका ओरडले.

“ते ग्रहण!” मी म्हणालो. “मुद्दाम दाखवलं!” मग कलिंगड डोक्यावर धरलं आणि चुना लखकन चमकला. लोक ‘वा!’ म्हणाले. खरंच म्हणाले! मला बळ आलं. “बघा, मंडळी! याच्यात स्वतःचं काही नाही. जो आहे तो दिव्याचा उजेड. आता, चंद्र पूर्ण गोल कधी दिसतो? सूर्य आपल्या एका बाजूला आणि चंद्र बरोब्बर विरुद्ध बाजूला असेल तेव्हा! सूर्य समोर, तर चंद्र पाठीमागे! म्हणूनच पौर्णिमेला एक मावळतो तेव्हा दुसरा उगवतो!”

लिनार्दोसकाकांनी टोपी मागे सरकवली.

“मास्तर, सूर्य तर आमच्यासमोर समुद्रात बुडाला.”

“बरोबर.”

“मग चंद्र आमच्या पाठीमागनं येणार. बकऱ्यांच्या बाजूनं.”

कलिंगड माझ्या डोक्यावर नऊ किलोंचं होतं. त्या क्षणी ते नव्वद किलोंचं झालं. साठ माणसांनी सावकाश माना वळवून डोंगराकडे बघितलं, मग तितक्याच सावकाश माझ्याकडे.

“तेच तर दाखवायचं होतं!” मी ओरडलो. “आता सगळ्यांनी खुर्च्या फिरवा!”

साठ माणसं, साठ खुर्च्या, आणि सगळ्यांची फिरण्याची दिशा वेगवेगळी! कुणाचा तरी पाय बॅटरीच्या वायरीत अडकला. सूर्य गेला. मी दचकलो आणि चंद्रही गेला. धप्प! कलिंगड फुटल्याचा आवाज तेवढा आला. पाठोपाठ सासूबाईंचा, “माझं कलिंगड!” आणि मग इतका वेळ दिव्याकडे बघून आंधळ्या झालेल्या डोळ्यांपुढे नुसता काळाकुट्ट अंधार.

त्या अंधारात मागून आनेस्तिसचा आवाज आला. शांत, मधाळ, वोलोसचा. “घाबरू नका, मंडळी. कॅलेंडरमधली वेळ सपाट क्षितिजाची असते. आपल्याला डोंगर आडवा आहे. तो नऊ तेवीसला माथ्यावर येईल.”

“अहो, मग तुम्ही आधी का नाही बोललात?” झाबेताबाई म्हणाल्या.

“माझं भाषण साडेनऊला आहे ना.”

टाळ्या! त्या वाक्याला टाळ्या! आणि त्याच्या बाजूने पोलिक्सेनीचं हसणं. आता ते हळू होतं, आणि हळू हसणं हे मोठ्या हसण्यापेक्षा केव्हाही वाईट. अंधारात काय चाललंय तिकडे? मी कट्ट्यावरून उतरलो आणि चाचपडत त्या हसण्याच्या दिशेने निघालो. हाताला खुर्च्यांच्या पाठी लागत होत्या, कधी माणसांच्या. कुणी ‘कोण आहे?’ म्हणालं, कुणी ‘अगं बाई!’ म्हणालं. एकदा काहीतरी मऊ लागलं. मला वाटलं उशी. शेवटच्या रांगेत एका खांद्याला धरून मी तोल सावरला, खांदा झटकन दूर झाला, आणि तेवढ्यात सगळं खळं एका आवाजात म्हणालं, “आऽऽऽ!”

डोंगराच्या माथ्यावर तो आला होता. मोठा, पिवळसर, परातीएवढा! नऊ तेवीस. मिनिटाचाही फरक नाही. अकरा वर्षं ज्याची मी इतकी स्तुती केली, तो आनेस्तिसच्या वेळापत्रकाप्रमाणे आला!

आणि मग मला ते दिसलं. पोलिक्सेनीच्या गडद निळ्या पोशाखावर, उजव्या खांद्यावर, एक पंजा! पांढराशुभ्र, पाच बोटांचा! आणि तिच्यापासून एका हातावर आनेस्तिस उभा!

“अच्छा!” माझ्या आवाजाने बकऱ्या उठल्या. “असा असतो शनी! अंधार झाला नाही तोच हात खांद्यावर? साठ माणसांत? चंद्र उगवला म्हणून कळलं, नाहीतर—”

“थेमिस,” पोलिक्सेनी म्हणाली, “गप्प बस.”

“का म्हणून? हा पंजा बोलतोय!”

“बोलतोय खरा,” सासूबाई म्हणाल्या. त्या काठी टेकत आल्या, लेकीला चंद्राकडे पाठ करून उभी केली, आणि चष्मा पुसून खांद्याशी वाकल्या. सगळं गाव त्यांच्यामागे वाकलं. “चुना आहे. उजवा हात आहे. आणि या बोटाला बुडाशी एक पट्टी कोरी सुटलीय, बघा. अंगठी आहे बाबा. लग्नाची.”

आमच्यात लग्नाची अंगठी उजव्या हातात घालतात, हे सांगायला नकोच.

“आनेस्तिस सर, हात दाखवा,” पाद्रीबाबा म्हणाले.

आनेस्तिसने दोन्ही हात चांदण्यात धरले. स्वच्छ! भांडी घासणाऱ्या माणसाचे हात. अंगठीचा मागमूस नाही.

“आता जावई, तुझे,” सासूबाई म्हणाल्या.

मी हात खिशात घातले. तिथेही पंजे उमटले.

आणि मग आजूबाजूला बघतो तर काय! लिनार्दोसकाकांच्या टोपीवर पंजा! पाद्रीबाबांच्या काळ्या झग्यावर, पाठीच्या मधोमध, पंजा, आशीर्वाद दिल्यासारखा! झाबेताबाईंच्या अंबाड्यावर चार बोटं! कट्ट्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत माझा सगळा प्रवास लख्ख उजेडात नोंदलेला होता. चांदण्यात काळ्यावर पांढरं किती उठून दिसतं, हे एक निरीक्षण म्हणून नमूद करतो.

“हे सगळं समजू शकते मी,” पोलिक्सेनी अगदी हळू म्हणाली. “पण हे काय आहे?”

तिने बोट दाखवलं. कल्लिरोईबाईंच्या काळ्या झग्यावर, कमरेच्या बऱ्याच खाली, सगळ्यांत ठसठशीत पंजा होता. अंगठीसकट.

“मी खुर्चीची पाठ शोधत होतो!” मी म्हणालो.

“खुर्चीला पाठ वर असते, थेमिस.”

“अंधार होता!”

“मला वाटलं पाद्रीबाबा आहेत,” कल्लिरोईबाई म्हणाल्या. याने कुणाचंच भलं झालं नाही.

साडेनऊला आनेस्तिस बोलला. सात मिनिटं. लोक कलिंगडाचे चुना न लागलेले तुकडे खात ऐकत होते. पुढच्या वर्षीही तोच बोलणार, हे झाबेताबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मलाही मंडळाने काम दिलं आहे. खुर्च्या गोळा करण्याचं, मांडण्याचं नव्हे.

घरी पोलिक्सेनीने माझी उशी गच्चीवर नेऊन ठेवली. “चांदणं छान आहे,” एवढंच म्हणाली.

झोप येईना. उशाला कट्ट्यावरून तशीच परत आणलेली भाषणाची फाइल होती. म्हटलं, निदान चांगलं काय राहून गेलं ते वाचावं. मोठी अक्षरं त्या उजेडात सहज दिसत होती. पहिलंच पान उघडलं तर त्यावर एक चिठ्ठी टाचलेली. पोलिक्सेनीचं अक्षर.

‘थेमिस, चंद्र नऊ तेवीसला येईल, आणि डोंगरामागून. खुर्च्या फिरव. तुला तोंडी सांगितलं तर तू ऐकणार नाहीस. महिनाभर आनेस्तिसकडून एकेक समजून घेतलंय, तुझी फजिती नको म्हणून. शनीत मला काही कळत नाही. “रुपेरी एकाक्या” मात्र सोडू नकोस, मला आवडतं.’

मी तीनदा वाचली. मग वर बघितलं. तो धोंडा आपला निवांत होता. ज्याचा उजेड त्याचाच आहे, हे कबूल करायला त्याला काहीही कमीपणा वाटत नसावा.

मी अनवाणीच जिना उतरलो आणि दारावर हात मारला. आतून सासूबाई म्हणाल्या, “कोण आहे? कल्लिरोईचं घर पुढच्या गल्लीत.”

सणासाठी ते दार आदल्याच दिवशी निळं रंगवलं होतं. सकाळी त्यावर, डोळ्यांच्या उंचीला, एक पांढरा पंजा होता, बोटाच्या बुडाशी कोरी पट्टी सोडलेला. मी दोनदा पुसायला गेलो. सासूबाई पुसू देत नाहीत. म्हणतात, राहू दे. जावयाची आमच्या घरातली तेवढी एकच गोष्ट अशी आहे, जी रात्रीसुद्धा दिसते.